दिलेला पॉइंट, मिळवलेला पॉइंट

पावसाचा जोर कमी होऊ लागला की शाळेत जिल्हास्तरीय क्रीडा स्पर्धांची पत्रकं येतात आणि त्यांच्या मागोमाग पालकांचा एक प्रश्नही येतो. आमच्या आठवीतल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तो मला सरळच विचारला, "मॅडम, समोर शहरातल्या क्लबात शिकणाऱ्या मुली असणार. आमची पोरगी हरणार हे तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. मग नुसतं हरायला अलिबागला कशाला न्यायचं?"

प्रश्नात राग नव्हता, हिशोब होता. ते धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. मुलीबरोबर यायचं म्हणजे एका दिवसाचा खाडा. निडी स्टेशनवरून सकाळची गाडी धरून पेण, तिथून एसटीने अलिबाग, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा. शिवाय मुलगी चार लोकांत हरून रडत घरी आली, तर मोहल्ल्यात बोलणारे बोलणारच. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आजपर्यंत तिने फक्त आमचेच चेंडू खेळलेत. एकदा दुसऱ्याचा चेंडू बघू दे." ते आले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आज इथे लिहिते आहे, कारण तो प्रश्न एका घरापुरता नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. टेबल टेनिस मला येतं ते बी.एड.च्या वसतिगृहात शिकले तेवढंच. आमच्या शाळेत पूर्वी मुली चार बाकं जोडून, मध्ये पुस्तकं उभी करून खेळायच्या. मग एका हितचिंतकाने आपलं जुनं टेबल दिलं. पावसाच्या दमटपणाने त्याचा एक कोपरा फुगला आहे. तिथे पडलेला चेंडू कुठे उडेल हे फक्त आमच्याच मुलींना ठाऊक. शाळेत ही मुलगी कोणाला हार जात नव्हती.

अलिबागला पहिल्याच फेरीत तिच्यासमोर राज्य पातळीवर खेळून आलेली मुलगी आली. वय जवळपास सारखंच, पण तिच्या हाताला रोजच्या सरावाची धार होती. बघता बघता १०-० झाले. मग त्या मुलीने पुढची सर्व्हिस सरळ नेटमध्ये मारली. गेम ११-१ असा संपला. मधल्या मिनिटभरात आमची मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तो एक पॉइंट तिने दिला. मी नाही मिळवला."

दुसरा गेम ११-३, तिसरा ११-६. सामना संपला. परतीच्या एसटीत तिने वही काढली आणि तीन आकडे लिहिले : ०, ३, ६. पहिल्या गेमचा १ तिने धरलाच नव्हता. वडिलांनी ती वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "म्हणजे पुढच्या साली तिसऱ्या गेमपासून सुरुवात करायची," असं म्हणून त्यांनी ती परत दिली.

तो पॉइंट देणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. टेबल टेनिसमध्ये, विशेषतः चिनी खेळाडूंमध्ये, अशी अलिखित रीत बरीच वर्षं होती. १०-० ने पुढे असलात तर एक पॉइंट सोडायचा, समोरच्याचा शून्यावर अपमान करायचा नाही. अलीकडे ही रीत मागे पडते आहे. समोरच्याशी शेवटच्या चेंडूपर्यंत पूर्ण ताकदीने खेळणं हीच त्याची इज्जत, असं मानणारे वाढले आहेत. मी शिक्षिका आहे, त्यामुळे मला दोन्ही बाजू समजतात. दोन गुण वाढवून पस्तीसवर आणलेला पेपर मुलाला वरच्या वर्गात नेतो, पण त्याला व्याकरण शिकवत नाही. आणि गंमत अशी की मुलांना हे आपल्याआधी कळतं. आपल्यावर कोणी दया केली, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

सामन्यानंतर मी त्या खेळाडू मुलीच्या प्रशिक्षकांना विनंती केली, "मला दहा सर्व्हिस टाकायला सांगाल का?" ते हसले, पण मुलीने टाकल्या. दहापैकी आठ मी नेटमध्ये किंवा बाहेर घातल्या. चेंडू वेगाने येत होता असंही नाही. तो अगदी आरामात येत होता. खरी करामत त्याच्या फिरकीत होती. चेंडूचं वजन असतं अवघं २.७ ग्रॅम. बॅटचं रबर त्याला घासून गेलं की तो स्वतःभोवती गरगर फिरत येतो. खालून घासलेला चेंडू आपल्या बॅटला लागताच खाली बुडतो, वरून घासलेला वर उसळतो, बाजूने घासलेला आडवा पळतो. हे जाणणारा खेळाडू चेंडूकडे नंतर बघतो, आधी समोरच्याचा हात बघतो. बॅट चेंडूच्या खालून गेली असेल तर आपली बॅट थोडी आकाशाकडे उघडायची, वरून गेली असेल तर झाकायची. आमच्या मुलीने हे तिसऱ्या गेममध्ये आपलं आपणच ओळखलं होतं. ते सहा पॉइंट तिथूनच आले. फुगलेल्या कोपऱ्याच्या टेबलावर, आमच्यासारख्यांबरोबर, हे तिला तीन वर्षांत कळलं नसतं, कारण तसा चेंडू टाकणारं इथे कोणी नाही.

अनोळखी चेंडूपुढे अडखळणं हा काही खेड्यातल्या मुलांचाच दोष नाही. आपल्या मुंबईतच १९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली. आशियातली ती पहिलीच. ब्रेबॉर्न स्टेडियमवर युरोप-अमेरिकेचे नावाजलेले खेळाडू आले होते. त्यांच्यात हिरोजी सातोह नावाचा किरकोळ बांध्याचा, चष्मेवाला जपानी खेळाडू होता. त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याच्या बॅटला जाड स्पंज लावलेला होता. इतरांच्या बॅटवर बारीक खुंट्यांचं पातळ रबर असे आणि त्याचा टक-टक आवाज येई. त्या आवाजावरूनही समोरचा चेंडूचा अंदाज घेई. स्पंजाचा आवाजच येईना. अमेरिकेचा मार्टी रीझमन त्याच्याकडून हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला आणि सातोह जगज्जेता झाला.

अगदी अलीकडचं उदाहरण २०२४ चं. दक्षिण कोरियातल्या बुसान इथे जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या मुली चीनसमोर होत्या. जागतिक क्रमवारीत १५५ वी असलेल्या अयहिका मुखर्जीने पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला ३-१ ने हरवलं. अयहिकाच्या बॅटच्या एका बाजूला फिरकी मारून टाकणारं वेगळं रबर आहे, त्यामुळे चेंडू नेहमीसारखा परत येत नाही.

पण या दोन्ही गोष्टींचा पुढचा भागही मुलांना सांगायला हवा. सातोहला जगज्जेतेपद पुन्हा कधी मिळालं नाही. बाकीच्यांनी स्पंज समजून घेतला, मग तो स्वतःही वापरला. भारताने तो सामना शेवटी २-३ ने गमावला. अनोळखी गोष्ट एकदा चकवते. दुसऱ्यांदा समोरचा तयारी करून येतो. म्हणूनच आज ज्या सर्व्हिसने आपल्या मुलीला चकवलं, तिची तयारी पुढच्या वेळेसाठी करता येते. त्यासाठी ती सर्व्हिस एकदा तरी स्वतःच्या बॅटवर यावी लागते.

याच संदर्भात मला सीरियाची हिंद ज़ाज़ा आठवते. हमा शहरातली ही मुलगी युद्धाच्या काळात, विजेचा भरवसा नसताना सराव करत मोठी झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती अवघ्या १२ वर्षांची, सर्वांत लहान खेळाडू होती. उद्‍घाटनाला तिने देशाचा झेंडा धरला. पहिल्याच सामन्यात तिच्यासमोर आली ३९ वर्षांची, सहावं ऑलिंपिक खेळणारी ऑस्ट्रियाची लिऊ जिया. हिंद ०-४ ने हरली. पण दुसऱ्या गेममध्ये तिने ९ पॉइंट घेतले. तिच्या आईवडिलांनी 'हरायला कशाला न्यायचं' असा हिशोब केला असता, तर ते ९ पॉइंट कुठून आले असते?

"आपल्या मुलींना हे कशाला?" असंही काही घरांतून ऐकू येतं. त्यांना हैदराबादच्या सईद सुलताना यांचं नाव सांगावंसं वाटतं. १९४९ पासून सलग सहा वर्षं त्या भारताच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. पहिल्यांदा जिंकल्या तेव्हा त्यांचं वय १३ च्या आसपास होतं, म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलींएवढंच.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना एक छोटी सूचना आहे. सामना बरोबरीचा नसेल तर मुलाला त्याचं माप आधीच ठरवून द्या. 'जिंक' असं सांगू नका आणि 'हरलीस तरी चालेल' असंही सांगू नका. पहिल्याने मूल घाबरतं, दुसऱ्याने ढिलं पडतं. "तिच्या किती सर्व्हिस परत गेल्या ते मोज" असं सांगा. हे काम मुलाच्या हातातलं आहे. मोजायचं म्हटलं की डोळा समोरच्याच्या हातावर राहतो आणि भीतीला जागा उरत नाही.

आणि पालकांनो, मूल स्पर्धेहून घरी आलं की पहिला प्रश्न निकालाचा नको. आधी पोटभर जेवू द्या. मग विचारा, "तिची सर्व्हिस कशी होती, करून दाखव बघू." ताट बाजूला सारून, वाटी नाहीतर उलथनं बॅटसारखं धरून मूल दाखवायला लागलं, तर समजा की अलिबागचं भाडं वसूल झालं.