गोबोर

शब्दांचीही कधी कधी मोठी मौज असते. माझी मातृभाषा कोकणी. आमच्या घरी चुलीतल्या राखेला ‘गोबोर’ म्हणत. मराठी शाळेत आल्यावर ‘गोबर गॅस’ हा शब्द ऐकला, तेव्हा राखेतून गॅस कसा निघावा, या कोड्याने मी पुष्कळ दिवस चक्रावून गेले होते. हे गोबर म्हणजे शेण, असे पुढे कळले. एका शब्दाची ही दोन टोके. त्यांच्या मध्ये विस्तव असतो, हे मात्र मी शिक्षिका झाल्यावर माझ्याच एका विद्यार्थ्याकडून शिकले.

तो आठवीत होता. त्याच्या वडिलांची गावाबाहेर कोंबड्यांची शेड होती. पहाटे ती साफ करून मगच तो शाळेत येई. पावसाळ्यात त्याच्या कपड्यांना उग्र दर्प येऊ लागला. मुले नाके मुरडू लागली. एके दिवशी मी त्याला म्हटले, “तू आता खिडकीजवळच्या बाकावर बसत जा हं.” मी अगदी हळुवारपणे बोलले, असे मला वाटले. परंतु तो सारे समजला. त्या दिवसापासून वर्गात त्याचा हात वर झाला नाही.

पुढे स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना एका संध्याकाळी वीज गेली. आम्ही मेणबत्ती लावली. वीज परत येताच मी तिच्यावर फुंकर घातली. इतक्यात तो पुढे आला. त्याने काडी पेटविली आणि वातीला न लावता, वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लावली. ज्योत धुरावरून खाली उतरली, वात पुन्हा पेटली! मुलांनी टाळ्या पिटल्या. तो म्हणाला, “बाई, हा धूर म्हणजे जळायचे राहिलेले मेणच. आमच्या शेडमधल्या घाणीतूनही असाच जळणारा वायू काढता येतो.”

मी पडले कलाशाखेची पदवीधर. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना गाठले, पुस्तके चाळली. शेडमध्ये जमिनीवर भाताचे तूस पसरतात. त्यात विष्ठा, पिसे, सांडलेले दाणे मिसळतात. हा कचरा वाळवून बंद भट्टीत घालावयाचा आणि पूर्ण जळण्यास जेवढी हवा लागेल, तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकीच द्यावयाची. ७००-८०० अंश उष्णतेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि थोडा मिथेन असलेला ज्वलनशील वायू निघतो. त्यातील डांबर व धूळ गाळून तो इंजिनाला दिला, की वीज करता येते. याला वायुकरण म्हणतात. गोबर गॅसचे काम ओल्यात जंतू करतात. येथे ते कोरड्यात उष्णता करते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा आपल्या देशातही कोळशाच्या वायूवर मोटारी धावत, त्या याच युक्तीने. इंग्लंडातील आय या गावी तर १९९२ साली असला कचरा सरळ जाळून वीज करणारे केंद्र सुरू झाले.

परंतु हे काम वाटते तितके सोपे नाही. कचरा ओला असला, तर पुष्कळशी उष्णता पाणी आटविण्यातच खर्च होते. त्यात राखही फार. पोटॅशमुळे ती वितळते आणि तिचे खडे भट्टीत अडकतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आहे. म्हणून मुलांनो, हा प्रयोग घरी करावयाचा नाही! मागे उरलेल्या राखेत मात्र पोटॅश व फॉस्फरस असतात. माझी आजी चुलीतला गोबोर माडाच्या मुळाशी घाली. पोटॅश हा शब्द तिला ठाऊकही नव्हता.

त्या मुलाच्या वडिलांना अशी भट्टी परवडणारी नाही. त्यांच्या शेडमधील खत शेतकरीच नेतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. मला मात्र माझी चूक दुरुस्त करावयाची होती. मी साऱ्या वर्गासमोर ती कबूल केली आणि त्याला मधल्या बाकावर बोलाविले. तो क्षणभर उभा राहिला. मग हसून म्हणाला, “बाई, खिडकीजवळ वारा बरा लागतो. तिथेच बसू का?”

त्या तासाला त्याचा हात तीनदा वर झाला.