फसलं कोण?

विसाव्या षटकात हातातला झेल सुटला, की महाडच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीपासून पोलादपूरच्या नाक्यापर्यंत सगळीकडे एकच निकाल लागतो. ‘सेट आहे सगळं.’ बोलणाऱ्याचा आवाज चढत नाही, त्याला राग आलेला नसतो. उलट तोंडावर जाणकाराचं समाधान असतं, आपण काही दुधखुळे नाही असं. आणि हाच गडी परवापरवापर्यंत टॉसच्या आधी दहा मिनिटं मोबाइलमध्ये डोकं खुपसून 49 रुपये भरून अकरा जणांची टीम लावत होता. सामना आधीच ठरलेला असेल तर पैसे कशावर लावलेस बाबा, हे मी एकदोघांना विचारून पाहिलं. बिरवाडीला एमआयडीसीत शिफ्ट करणारा एक पोरगा म्हणाला, ‘काका, सेट असतं ते त्यांचं. आपली टीम कुठे सेट असते?’

याच्यावर उत्तर नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि 2020 साली 222 कोटी मोजून ज्या ड्रीम इलेव्हनने आयपीएलच्या नावापुढे आपलं नाव लावलं होतं, तिचाही पैशांचा खेळ बंद झाला. टपरीवरचा निकाल मात्र तोच राहिला.

हा संशय कोणी उगाच पेरलेला नाही. 15 मे 2013 ला वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स खेळले आणि त्याच रात्री दिल्ली पोलिसांनी मुंबईत राजस्थानचे तिघे उचलले. श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण. पोलिसांचं म्हणणं असं, की एका षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या आणि त्याआधी बुकीला दिसेल अशी खूण करायची. श्रीशांतने कमरेला टॉवेल खोचला होता, ती त्याची खूण. चव्हाणच्या षटकात 15 धावा गेल्या, त्यासाठी 60 लाख ठरले होते. तोवर सट्टा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दुबई यायची. आता त्यात मुंबईकडून रणजी खेळलेला डावखुरा फिरकीवाला होता, आडनाव आमच्या वाडीतलं. महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुढे 2015 च्या जुलैमध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सगळ्या 36 आरोपींना आरोपमुक्त केलं. पोलिसांनी लावलेला मकोका तिथे टिकला नाही. क्रिकेट मंडळाने घातलेली जन्मभराची बंदी आधी श्रीशांतची, मग 2021 मध्ये चव्हाणची, सात वर्षांवर आली. हे आमच्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. टॉवेल मात्र सगळ्यांना आठवतो.

मला त्या प्रकरणातला टॉवेल कमी महत्त्वाचा वाटतो. एक रटाळ कागद होता, त्याच्याबद्दल टपरीवर कधी कोणी बोललं नाही. क्रिकेट मंडळाच्या नियमावलीत 6.2.4 असा एक नियम होता. मंडळाच्या पदाधिकाऱ्याने मंडळाच्या सामन्यांत आपला व्यापारी हितसंबंध ठेवायचा नाही, असं तो सांगायचा. 2008 च्या जानेवारीत इंडिया सिमेंट्सने चेन्नईचा संघ घेतला, तेव्हा त्या कंपनीचे एन. श्रीनिवासन मंडळाचे खजिनदार होते. त्याच वर्षी सप्टेंबरात नियमाला एक शेपूट जोडलं गेलं: आयपीएलसारख्या स्पर्धा वगळून. झालं. पुढे श्रीनिवासन मंडळाचे अध्यक्ष झाले. 2013 च्या मे महिन्यात मुंबई पोलिसांनी त्यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्ट्याच्या प्रकरणात अटक केली, तेव्हा ते संघाचे कोणी नाहीत, नुसते क्रिकेटवेडे आहेत, असं सांगण्यात आलं. मंडळाने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली, समितीला काही सापडलं नाही. पण बिहारच्या क्रिकेट संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 30 जुलैला ती समितीच बेकायदा ठरवली. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायमूर्ती मुद्गल यांची समिती आली आणि 22 जानेवारी 2015 ला ते शेपूट छाटलं गेलं. मग लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर बसवले.

आमच्या तालुक्यात पंचायतीच्या राजकारणात असलेल्या कोणालाही यातली गंमत लगेच कळावी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे पंचायतीच्या कामात सदस्याचा आडून-उघड हिस्सा निघाला तर त्याचं सदस्यत्व जातं. गटाराच्या दोन लाखांच्या कामासाठी माणसं यावरून कलेक्टरकडे धावतात, अलिबागच्या खेपा घालतात, ठेका कोणाच्या मेव्हण्याच्या नावावर आहे ते शोधून काढतात. तीच माणसं शेकडो कोटींच्या लीगबद्दल ‘सेट आहे’ म्हणून चहाचा ग्लास खाली ठेवतात. मेव्हणा शोधायचा उत्साह तिथे कुठे जातो, कळत नाही. कदाचित गटार दारातून जातं म्हणून असेल.

बेळगाव आपल्याला परकं नाही. 2019 मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या बेळगावी पँथर्सच्या मालकाला बंगळुरू पोलिसांनी अटक केली, नंतर दुसऱ्या संघातले खेळाडूही पकडले गेले. अंतिम सामन्यात संथ खेळायचे पैसे घेतल्याचा आरोप होता. कलम 420 लागलं. 2022 च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला, आणि त्याचं कारण मला तेव्हापासून सोडत नाही. सामना आधी ठरवला गेला तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटू शकेल, पण तिकीट त्याने स्वखुशीने काढलेलं असतं; त्याला कोणी भुलवून त्याच्या खिशातला पैसा काढून घेतला असं म्हणता येत नाही. खेळाडूने बेशिस्त केली असेल, बेइमानी केली असेल, मंडळ त्याला शिक्षा करू शकतं. 420 होत नाही.

कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे बरोबर असेल. त्या कलमाला फसलेला माणूस लागतो आणि फसून त्याने काहीतरी हातचं दिलेलं लागतं. न्यायालयाला तसा माणूस सापडला नाही. पण तो टपरीवर तरी सापडला असता का? तिथला म्हणणार, मला आधीच माहीत होतं. फसलो म्हणायचं तर आधी विश्वास ठेवला होता हे कबूल करावं लागतं, आणि आपल्याला त्याचीच जास्त लाज वाटते. त्यापेक्षा सगळंच खोटं होतं आणि मला ते ठाऊक होतं, हे सांगणं इभ्रतीला बरं. खरं तर त्याने चार तास दिलेले असतात, झोप दिलेली असते, पोराला नवी जर्सी घेऊन दिलेली असते. यातलं काही कुठल्या कलमात बसत नाही, आणि तोही ते बसवायला जात नाही. खेळातल्या फसवणुकीविरुद्धच्या कायद्याचा मसुदा 2013 मध्येच तयार झाला होता, त्याचा कायदा झालाच नाही. त्यासाठी कोणी रस्त्यावर आल्याचं मला आठवत नाही. येणार कोण? फसलेलं कोणी नव्हतंच.

नेमका प्रश्न विचारला की काय होतं, हे 2016 ला दिसलं होतं. लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि कोणीतरी न्यायालयात विचारलं, की स्टेडियमच्या हिरवळीला किती पाणी लागतं आणि ते येतं कुठून. सगळे भ्रष्ट आहेत, असली भाषा त्यात नव्हती. लिटर आणि टँकर, एवढंच. मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं, अंतिम सामना मुंबईहून बंगळुरूला गेला. पोलादपूरला पावसाळ्यात छत्री टिकत नाही आणि एप्रिलमध्ये डोंगरातल्या वाड्यांना टँकर लागतो, त्यामुळे तो हिशेब आमच्या बायकांना कोणी समजावून सांगायला लागला नाही.

आता मोलिपूर. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातलं हे खेडं 2022 च्या जुलैमध्ये गाजलं. एका शेतात खेळपट्टी केली, हॅलोजन लावले, कॅमेरे बसवले. शेतमजूर आणि बेकार पोरं सामन्याला 400 रुपयांवर आणली, त्यांना चेन्नई, मुंबई, गुजरातच्या जर्शा चढवल्या आणि सामने यूट्यूबवर थेट सोडले. प्रेक्षकांचा गलका इंटरनेटवरून उतरवलेला, समालोचक हर्षा भोगल्यांची नक्कल करणारा. रशियातले लोक त्यावर पैसे लावत होते. कोणी मोठी रक्कम लावली की पंचाच्या वॉकीटॉकीवर हुकूम यायचा, पंच खेळाडूंना सांगायचा, आता चौकार, आता बाद. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत स्पर्धा रंगली आणि मग पोलीस पोचले. देश हसला. मीही हसलो, पण माझं लक्ष त्या 400 वर अडकलं. दिवसभर कोणाच्या रानात राबायचं ते सोडून धोनीची जर्सी घालून चेंडू मारायला मिळतोय आणि वर पैसे. त्या पोरांतल्या एखाद्याला पंचाने ‘आता आऊट हो’ सांगितलं तेव्हा काय वाटलं असेल? फटका बसला होता चांगला आणि हुकूम आला बाद व्हायचा. त्याची बातमी कोणी केली नाही.

मला हे सुचतं कारण आमच्याकडेही शेतातच खेळतात. भात झोडून झालं की खाचरांचे बांध फोडून मैदान करायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने सीमा मारायची. डिसेंबरपासून मेपर्यंत एक रविवार मोकळा नसतो. मुंबई-पुण्याचे चाकरमानी शुक्रवारी रात्री कशेडीच्या अलीकडेच उतरतात, बॅट घेऊन. आयपीएल आल्यापासून गावोगाव लिलावही आले, संघमालक आले, फ्लेक्सवर त्यांचे गॉगलमधले फोटो आले, आयकॉन खेळाडू आले. मोबाइल तिपाईवर लावून सामना यूट्यूबवर जातो. मोलिपूरहून फार वेगळं दिसत नाही ते.

तरी यंदाच्या एका स्पर्धेत गुणलेखनाच्या टेबलाशी बसून मी जे पाहिलं, त्याने मला बरं वाटलं. ‘एक गाव एक संघ, आधारकार्ड अनिवार्य’ असा नियम होता. एका संघात कळंबोलीचा पोरगा निघाला. त्याच्या कार्डावर पत्ता कळंबोलीचा, पण आई याच गावची, म्हणून तो मामाकडून खेळायला उतरलेला. समोरच्यांनी हरकत घेतली. वरून कोणीतरी शोधून काढलं, की पंच आयोजकाचा पुतण्या आहे. पाऊण तास खेळ थांबला. बायका बांधावरून ओरडत होत्या, म्हातारे काठी आपटत होते, गावच्या मंडळाचे सेक्रेटरी नियमांचा कागद शोधत मोटारसायकलवरून घरी गेले आणि घेऊन आले. मामा म्हणत होता, भाच्याचा आजोळी काही हक्क आहे की नाही? मालिकावीराला मिळायची सायकल मंडपात उभी होती, त्या सायकलीएवढं सगळं प्रकरण. पण एकाही माणसाने ‘सेट आहे’ म्हणून पाठ फिरवली नाही. शेवटी पंच बदलला, पोराला बसवलं आणि त्याच्या मामाचा संघ दहा जणांनिशी खेळून जिंकला. फायनलला त्या पोराने पुन्हा पॅड बांधले, या वेळी हातात आईचा शाळा सोडल्याचा दाखला होता, आणि भांडण नव्याने सुरू झालं.