पंचेचाळीस

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी दादा-वहिनींनाच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "लिहा भाऊजी. घरच्यांनाही कळू द्या एकदाचं." म्हणून लिहितोय.

दादा-वहिनी अकोल्याला, आई आणि मी अमरावतीला. चार वर्षांत वहिनींचा तीनदा गर्भपात झाला. पहिल्या वेळी आईनं पपई बंद केली, दुसऱ्या वेळी स्कूटर. तिसऱ्या वेळी अंबादेवीची ओटी भरून आली आणि वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिच्यातच काही खोट असन." मी तिथेच बसून पेपर वाचत होतो. काही बोललो नाही.

वहिनींच्या तपासण्यांची फाइल जाड होत गेली. दादाचं रक्त तपासावं हे कुणाला सुचलंच नाही. मी बी.एस्सी., मलाही नाही!

मग एका डॉक्टरांनी दोघांचाही कॅरियोटाइप करायला सांगितला. यात रक्तातल्या पेशी तीनेक दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन मधल्या टप्प्यावर थांबवतात आणि गुणसूत्रांचा फोटो काढतात. माणसाची गुणसूत्रं ४६. वहिनींची ४६ निघाली. दादाची ४५.

दादा घाबरला. पण हरवलं असं काही नव्हतं. त्याचं १३ क्रमांकाचं एक आणि १४ क्रमांकाचं एक गुणसूत्र एकमेकांना चिकटून एकच झालं होतं. याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. साधारण हजारात एकाला हे असतं आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही नसतो.

शाळेत गुणसूत्रबिंदू शिकलो होतो, तो इथे कळला. पेशी विभागताना दोरे गुणसूत्राला त्या बिंदूपाशीच धरतात आणि एकेका बाजूला ओढतात. ज्या तुकड्याला बिंदू नाही, त्याला धरणारं कुणी नाही. तो मागे राहतो आणि पुढच्या पेशींतून नाहीसा होतो. दादाच्या त्या दोन गुणसूत्रांच्या आखूड भुजांचे तुकडे असेच गळून गेले असणार. त्यांच्यावरची जनुकं इतर गुणसूत्रांवरही असतात, म्हणून दादा ठणठणीत. अडचण येते शुक्रपेशी बनताना. वाटणी कधी बरोबर होते, कधी एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं. मग गर्भ टिकत नाही.

हे आईला कसं सांगायचं? मला बाबांचा उडीद आठवला. दर्यापूरकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतात बाबा टीएयू-१ पेरायचे. ट्रॉम्बे-अकोला-उडीद! भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला, १९८५ सालचा वाण. किरणांचा मारा केलेल्या बियाण्यातून निवडलेलं रोप त्याच्या वंशात आहे. क्ष-किरणांनी आनुवंशिक बदल होतात हे मुलरनं १९२७ मध्ये फळमाश्यांवर दाखवलं होतं, त्याचीच ही पुढची वाट. बाबा हसून त्याला 'अणुबॉम्बवाला उडीद' म्हणायचे.

आईला म्हटलं, "उडदात मुद्दाम केलेला बदल आहे, दादात आपोआप झालेला. त्यात उडदाचा काय दोष?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे माह्याकडून आलं, का तुह्या बाबाकडून?"

मी खरं ते सांगितलं. दोघांपैकी कुणाकडूनही आलं असेल, किंवा दादापासूनच सुरू झालं असेल. बाबा आता नाहीत. आई म्हणाली, "माहं रक्त नको तपासू." पुन्हा थोड्या वेळानं, "मी त्या पोरीले काय काय बोलली रे."

दुसऱ्या दिवशी ती बडनेऱ्याहून गाडीत बसून एकटी अकोल्याला गेली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. वहिनींनी एवढंच सांगितलं, की रात्री दोघींनी मिळून भाकरी केल्या.

दादाला निरोगी मूल होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळी अकराव्या आठवड्यानंतर तपासणी करता येते. दोघं विचार करताहेत. घाई कुणी करत नाही, आईसुद्धा.

मीही माझं रक्त देऊन आलोय. यंदा माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. रिपोर्ट काहीही येवो, बोलणी पुढे सरकण्याआधी मुलीला ते मीच सांगणार. फाइल कुणाची जाड व्हायची, हे या खेपेला आधीच ठरलेलं बरं.