तेरेखोलच्या तटावर

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडून आम्ही तेरेखोलच्या किल्ल्यात आलो. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आत अंगणात संत अंतोनीचे चर्च उभे आहे.

तटावरून समुद्र दिसताच बरोबरच्या मुलांना फ्रान्समधील बोयारचा समुद्रदुर्ग आठवला. तेथे १९९० सालापासून दूरचित्रवाणीसाठी सांघिक स्पर्धा चित्रित होत आल्या आहेत. देशोदेशींचे संघ तेथे जाऊन अवघड कसोट्या देतात व किल्ल्या मिळवितात. एक जण चुकला तर सर्वांचेच नुकसान होते. खेळ मौजेचा खरा, धाडसही खरे.

परंतु याच तेरेखोलवर १५ ऑगस्ट १९५४ रोजी एका संघाने निराळी कसोटी दिली. आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र सत्याग्रही येथे आले व त्यांनी तिरंगा फडकविला. कौतुकाला कॅमेरे नव्हते, बक्षीस नव्हते. वाट्यास आला तो तुरुंग. गोवा मुक्त झाला तो पुढे १९६१ साली.

चर्चसमोर उभे राहून आम्ही त्यांचे स्मरण केले. मुलांनो, खेळ अवश्य खेळा; परंतु जिला प्रभूखेरीज साक्षी नसतो, त्या कसोटीचीही तयारी ठेवा.