वस्तादांचे ऋण

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलाच्या परीक्षेतील गुणांची जितकी चौकशी होते, तितकी त्याच्या दमश्वासाची होत नाही. शिष्याकडून झालेला पराभव गुरूला भूषणावह, असे आपण म्हणतो खरे. परंतु ते म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे शास्त्रीबुवा असतात, तालमीतील वस्ताद नसतात. आम्हा हिंगोलीकरांना तरी हा भेद शोभत नाही, कारण मराठवाड्याच्या याच मातीने एक थोर वस्ताद दिला.

हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्यातले. 1969 साली ते महाराष्ट्र केसरी झाले. 1970 साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि 1977 साली बेळगावच्या मैदानात सत्पालसारख्या बलाढ्य मल्लाला चीत केले. एवढ्या कीर्तीवर कोणीही उरलेले आयुष्य सत्कार घेत सुखाने काढले असते. बिराजदारांनी मात्र पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत परक्यांची पोरे आपली मानून घडविली.

हे काम स्वतः लढण्याहून कठीण होय. मल्लाला आपलेच शरीर राखावयाचे असते. वस्तादाला पहाटेच्या अंधारात प्रत्येक पोराचा जोर, खुराक, झोप आणि मन ही सारी पाहावी लागतात. त्यातून तांबड्या मातीत वाढलेल्या मुलाला गादीवरची, मिनिटांची आणि गुणांची कुस्ती शिकवावयाची! आणि एवढे करून जयघोष व्हावयाचा तो शिष्याच्या नावाचा.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. 2011 साली बिराजदार निवर्तले. पुढे लातूरकडच्याच काका पवारांनी राहुलला घडविले. 2018 साली गोल्ड कोस्ट येथे 57 किलो वजनगटात राहुलने राष्ट्रकुलाचे सुवर्ण जिंकले आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. गुरूच्या पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तेच सुवर्ण शिष्याच्या हाती आले. पाहावयास गुरू मात्र नव्हते.

फळ दिसेल की नाही, याची शाश्वती नसताना रोप लावणे, यालाच आपण विद्यादान म्हणतो ना? मग पुढील गुरुपौर्णिमेस मुलाला शिक्षकांच्या घरी नेताना वाटेवरच्या तालमीचा उंबरठाही ओलांडावा. तेथील वस्तादही त्याच नमस्काराचे धनी आहेत.