तीन पुस्तकांची सुट्टी: शिरूर ते दौंड

शिरूरला जुनी माणसं आजही घोडनदीच म्हणतात. घोड नदीच्या काठचं गाव, म्हणून घोडनदी. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना हे पुणे जिल्ह्यातलं शेवटचं मोठं गाव. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. माझं सासर इथलं आणि धाकट्या बहिणीचं दौंडचं. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, पण मध्ये थेट रेल्वे नाही. त्यामुळे बहीण-बहीण भेटतो त्या ईदला आणि मुलांच्या सुट्टीत.

यंदा माझा मुलगा नववी पास होऊन दहावीत गेला. निकालाच्या दिवशी मराठीच्या बाईंनी ‘अ’ तुकडीच्या मुलांना एक कागद दिला. सुट्टीत तीन पुस्तकं वाचायची, प्रत्येकावर चार पानं लिहायची आणि पुस्तकाशी नातं असलेली एक तरी जागा पाहून यायची. पुस्तकं होती ‘अग्निपंख’, ‘राऊ’ आणि ‘स्मृतिचित्रे’. माझी नणंद अमेरिकेत असते. ती फोनवर म्हणाली, तिकडे हायस्कूलच्या हुशार मुलांच्या वर्गाला उन्हाळ्यात अशीच यादी मिळते आणि शाळा उघडताच त्यावर निबंध लिहावा लागतो. मला बरं वाटलं. आमच्या शिरूरच्या बाईही काही कमी नाहीत!

त्याच आठवड्यात दौंडहून भाचा राहायला आला. तोही नववीच पास झालेला, पण त्याच्या शाळेत ‘क’ तुकडीत. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि आमच्या घरच्या दखनीत विचारलं, “खाला, मेरेकु कायकु नई दिये?”

मी म्हटलं, “बेटा, ही यादी हुशार मुलांसाठी आहे.” शब्द तोंडातून गेला आणि मीच चपापले. तो काही बोलला नाही. कागद घडी घालून त्याने जागेवर ठेवला.

वाचनालयात ‘राऊ’ची एकच प्रत आणि यादी मात्र साऱ्या वर्गाकडे. आमचा नंबर लागला तेव्हा हातात आठ दिवस होते. मग ठरलं, जेवणानंतर उन्हाच्या वेळी मोठ्याने वाचायचं. मी मशीनवर कपडे शिवत बसायची, मुलगा वाचायचा, भाचा ऐकायचा. आधी त्याचं लक्ष पंख्याकडे असायचं. तिसऱ्या दिवशी मुलगा पाणी प्यायला उठला, तेव्हा भाच्याने पुस्तक ओढून घेतलं. तो अडखळत वाचत होता, पण थांबला नाही.

ना. सं. इनामदारांची ही कादंबरी १९७२ सालची. पहिला बाजीराव आणि मस्तानी यांची गोष्ट. २०१५ साली आलेला सिनेमा याच कादंबरीवरचा. पण शिरूरच्या मुलांना सिनेमापर्यंत जायची गरज नाही. मस्तानीची कबर आपल्याच तालुक्यात, पाबळला आहे. पाबळ तिला इनाम मिळालेलं गाव.

एका सकाळी तिघं निघालो. रांजणगाव मागे टाकून शिक्रापूरला उतरलो आणि दुसरी गाडी पकडून पाबळला पोहोचलो. कबर साधी आहे. पुस्तकात एवढं वैभव वाचलेलं, त्यामुळे मुलं गोंधळली. आम्ही फातिहा पढलो. मग भाच्याने विचारलं, “पुस्तकात लिहिलंय तसंच झालं होतं का?” मी सांगितलं, कादंबरी वेगळी, इतिहास वेगळा. १७४० साली बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली, एवढं नक्की. ती कशी गेली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तिचा मुलगा समशेर बहादूर पुढे १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्यात झालेल्या जखमांनी गेला. मुलाने वहीत लिहून घेतलं. भाचा म्हणाला, “म्हणजे आई इथं आणि मुलगा पार तिकडं.” हे वाक्य मला चार पानांच्या तोडीचं वाटलं.

पाबळलाच विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने तो १९८३ साली सुरू केला. शाळेत मन न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम हाताने करता करता त्यामागचं विज्ञान शिकतात. भाच्याला मी तिथून अक्षरशः ओढून आणलं. हात चालला की डोकं चालतं, हे त्या माणसाला कधीच कळलं होतं. आपण मात्र मुलांना अ, ब, क अक्षरांत वाटून मोकळे होतो.

पंधरा दिवसांनी भाच्याला सोडायला दौंडला निघालो. वाट न्हावऱ्यावरून. मग पारगावला भीमा ओलांडायची. दोन्ही बाजूंना ऊस, आणि गुऱ्हाळांचा गोड धूर गाडीच्या खिडकीतून आत येतो. चौफुल्याला सोलापूर रस्ता लागतो आणि तिथून जवळच केडगाव.

केडगावला मुद्दाम उतरलो, ते ‘स्मृतिचित्रे’मुळे. लक्ष्मीबाई टिळकांना लग्न झालं तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं त्या नंतर शिकल्या आणि पुढे मराठीतलं इतकं मोठं आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्याच काळातल्या पंडिता रमाबाई केडगावच्या. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा त्यांनी इथे आणल्या, त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, छापखाना चालवायला शिकवला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. १९२२ साली रमाबाई इथेच वारल्या. त्यांचा धर्म वेगळा, आपला वेगळा. पण ज्या बाईला कोणी पाटी दिली नव्हती, तिच्या हातात छापखान्याचे खिळे देणं हे केवढं मोठं काम! माझं शिक्षण दहावीत थांबलं. त्या आवारासमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

पाटसवरून दौंडला पोहोचलो तेव्हा असरची वेळ झाली होती. दौंड म्हणजे रेल्वे. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती, चारही बाजूंना रूळ जातात. गावाचं घड्याळ गाडीच्या शिट्टीवर चालतं. माझे मेहुणे रेल्वेतच आहेत. संध्याकाळी भाच्याने आम्हाला स्टेशन दाखवलं. इथे तो ‘क’ तुकडीतला नव्हता, गुरुजी होता. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला का लावावं लागायचं आणि कॉर्ड लाइन झाल्यावर ते कसं टळलं, हे त्याने माझ्या मुलाला जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं. पहिला नंबर काढणारा माझा मुलगा उकिडवा बसून ऐकत होता.

रात्री ‘अग्निपंख’ काढलं. माधुरी शानभागांनी केलेलं मराठी भाषांतर. त्यात डॉ. कलामांच्या लहानपणची एक हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबणं बंद झालं. मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली टाकायचे आणि ते गोळा करण्याच्या कामात लहानग्या कलामांनी आपल्या भावाला मदत करायची. तीच त्यांची पहिली कमाई. भाचा ताडकन उठून बसला. “खाला, धावत्या गाडीतून गठ्ठा टाकला की तो सरळ खाली पडत नाही, गाडीच्या दिशेने पुढे जातो. उभं कुठं राहायचं ते कळावं लागतं!” त्या रात्री पुस्तक त्याच्याच उशाशी राहिलं.

माझी बहीण काळजीत होती. सुट्टीत त्याला गॅरेजवर पाठवायचं ठरलं होतं. हातखर्च सुटला असता आणि कामही शिकला असता. मी म्हटलं, गॅरेज चुकवू नकोस, पण सकाळचं ठेव आणि दुपार त्याला दे. तिने मान्य केलं. ‘अग्निपंख’ मी तिथेच ठेवून आले.

येताना काष्टीवरून श्रीगोंद्याला थांबलो. सतराव्या शतकातले संतकवी शेख महंमद इथले. त्यांनी मराठी ओवीत ‘योगसंग्राम’ रचला. हे नाव कागदावर नव्हतं. माझ्या मुलाने आपल्या वहीत चौथं म्हणून लिहिलं. करमाळ्यात जन्मलेले यू. म. पठाण संतसाहित्याचे अभ्यासक झाले आणि १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही, हे मी त्याला सांगितलं. मराठी पुस्तकं आपल्या घरात पाहुणी नाहीत, एवढं त्याला कळावं म्हणून.

जूनमध्ये शाळा उघडली. दौंडहून एक वही आली होती. ‘अग्निपंख’वर साडेतीन पानं, ऱ्हस्व-दीर्घाच्या ढीगभर चुका, आणि मधोमध गाडी, गठ्ठा आणि मुलाची आकृती, बाणांसकट. ती मी बाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, “हा आपल्या शाळेचा नाही.” मी म्हटलं, “नाही. पण पुस्तक त्यानेही वाचलंय.” त्यांनी वही ठेवून घेतली. चार दिवसांनी लाल शाईने तपासून परत दिली. खाली लिहिलं होतं, आकृती उत्तम, पुढचं पुस्तक कोणतं?

भगिनींनो, अशी यादी तुमच्या घरी आली तर तिची एक नक्कल करा. ज्या पोराला ती मिळाली नाही, त्याच्या हातात ठेवा. वाचनालयाची वर्गणी एका वेळच्या नाश्त्याहून फारशी जास्त नसते. रोज वीस पानं, तीही मोठ्याने, म्हणजे चुलीजवळच्या आईलाही ऐकू येतील. हुशार मूल यादीशिवायही वाचेल. दुसरं कोणीतरी विचारायची वाट बघत असतं.

शिरूरची घोड पुढे जाऊन भीमेला मिळते आणि ते पाणी दौंडवरून वाहतं. ‘राऊ’ही परवा तसंच दौंडला गेलं. वाचनालयाची मुदत संपायला सहा दिवस आहेत.