विस्तव

घरात विस्तव असणे ही एके काळी घर जागे असल्याची खूण मानली जाई. सांप्रत गॅसच्या शेगडीस लायटरची टिचकी दिली की निळी ज्योत उभी राहते आणि बटण फिरवताच नाहीशी होते. तिला ना बालपण, ना वार्धक्य. चुलीतला अग्नी मात्र जन्मास घालावा लागे, वाढवावा लागे आणि रात्री राखेचे पांघरूण घालून निजवावाही लागे.

आमच्या ग्वाल्हेरीस, त्यातही १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या लष्करात, थंडी मोठी करडी. पौषात मावठ्याचा पाऊस लागला म्हणजे सरपणाच्या खोलीत ओंडके पुष्कळ असत, पण काटक्या, तुराट्या नि चिपाडे संपलेली असत. मग गृहिणीची परीक्षा सुरू होई. ओंडक्याखाली एकामागून एक काड्या ओढाव्यात, त्याने थोडे काळे पडावे आणि पुन्हा मख्खपणे बसून राहावे!

यात ओंडक्याचा हट्ट नसतो. लाकूड मुळात जसेच्या तसे पेटतच नाही. ते तापले म्हणजे त्यातून वायू सुटतात, ते वायू ज्वालेने जळतात आणि मागे उरतो तो निखारा. बारीक काटकीस वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, म्हणून ती चटकन तापते. जाड लाकूड मिळालेली ऊब आत ओढून घेते, आणि ते ओले असेल तर ती ऊब आधी पाणी आटविण्यातच खर्ची पडते. एकटे लाकूड पेटले तरी विझते. दोन-तीन लाकडे थोडी फट ठेवून जवळ मांडली, तर ती एकमेकांस तापवितात आणि फटीतून वाराही खेळतो.

म्हणून काटक्या नसल्या तर त्या करून घ्याव्या लागत. ओंडका उभा फोडला की पोटातले लाकूड बहुधा कोरडे निघते. कोयत्याने त्याच्या पातळ ढलप्या काढाव्यात. नारळाची शेंडी पिंजून तिचे घरटे करावे, वर करवंटीचे तुकडे रचावेत. गोवरी, जिला आम्ही इकडे हिंदीच्या संगतीने कंडा म्हणू लागलो, ती मोडून तिच्या खरबरीत कडेखाली तुपात भिजवलेली वात ठेवावी. ज्वाला दिसली नाही तरी चालेल. कड लाल झाली की फुंकणीचे काम सुरू. रॉकेल ओतणे हा आळशाचा आणि जिवावरचा उपाय. धगीवर पडलेल्या रॉकेलची वाफ भडकते आणि ओतणाऱ्याचा हात धरते. प्लास्टिकची पिशवी पेटविणे हा त्याचा नवा भाऊ. त्याचा धूर विषारी असतो.

काडेपेटी ही तरी तशी कालचीच गोष्ट. घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकर याने १८२७ साली विकावयास काढली. त्यापूर्वी गारगोटी-चकमक होती, आणि यज्ञासाठी शमीवर उगवलेल्या अश्वत्थाची अरणी. मंथनातून निघते ती ठिणगी म्हणजे धुमसणारी लाकडाचीच पूड. ती मऊ, कोरड्या तंतूंत झेलून फुंकरीने तिची ज्वाला करावी लागते. एवढ्या सायासाने मिळालेला अग्नी कोण विझू देईल? म्हणून रात्री निखारे राखेत पुरून ठेवीत. राख वारा अडविते आणि ऊब धरून ठेवते. निखारा सावकाश, कंजूषपणे जळत सकाळ गाठतो.

आणि तोही विझला तर? तर शेजारी जाऊन विस्तव मागावयाचा. आपल्या भाषेने हा व्यवहार एका वाक्प्रचारात जपून ठेवला आहे. ज्या दोन घरांत पराकोटीचे वैर, त्यांच्यात ‘विस्तवही जात नाही’ असे आपण म्हणतो. मीठ-साखर नाही, विस्तव. कारण तो देताना देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. तोही नाकारणे ही वैराची सीमा.

आमच्या वाड्यातही दोन चुलत घरांत असाच विस्तव जात नव्हता. वाटणीचा दावा कोर्टात होता आणि आमची आजी नि पलीकडची माईआजी या दोघी जावा वर्षानुवर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. १९८० च्या आगेमागे एका मावठ्यात आमचे छप्पर गळून चुलीतली राख भिजली, काडेपेटीही सादळली. घरात आत्याचे बाळंतपण झालेले. दहा दिवसांचे मूल आणि शेकाला विस्तव नाही. आमच्या कौलांतून धूर निघत नाही, हे माईआजींनी पाहिले असावे. त्यांनी आम्हांस हाक मारली. लोखंडी पळीत राख, राखेवर गोवरीचा तुकडा आणि त्यावर दोन लाल निखारे. “जपून ने रे. आणि जाऊबाईंना म्हणावं, एकदम मोठं लाकूड घालू नका.” आजीने पळी घेतली, एक शब्दही बोलली नाही. संध्याकाळी ती पळी घासूनपुसून, वर गुळाचा खडा ठेवून, आमच्याच हाती परत गेली. दावा पुढे कैक वर्षे चालला. पण त्या दोघींनी कोर्टाच्या भांडणात मुलाची ऊब येऊ दिली नाही, हे आम्ही पाहिले आहे.

तथापि चुलीचे गोडवे गाण्यास आमची लेखणी धजत नाही. फुंकणी फुंकणाऱ्या बायकांचे डोळे आम्हांस आठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरिबाघरी गॅस पोहोचविला, त्याचे आम्हांस समाधानच आहे.

आता गल्लीत विस्तव जात नाही तो वैरामुळे नव्हे, गरजच उरली नाही म्हणून. वैर नसूनही न जाणे, हे आम्हांस अधिक खटकते. थंडीत पुष्कळ घरी अजून कोळशाची शेगडी पेटते. ती दार लावून खोलीत घेऊन निजू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि निजलेल्यास जाग येत नाही. शेगडी अंगणात ठेवावी. तेथे वारा असतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास बसावयास जागाही. पलीकडच्यांना एक हाक घालावी. हात शेकावयास कोणी नाही म्हणत नाही.